ब्लूबेरीची चादर

“हे काय, लापशी सांडली का कापडावर?” रेइनोने पलंगावरूनच विचारले.

“बर्चची पानं आहेत ती,” आयली म्हणाली. “चष्मा लाव.”

कॅनडातल्या थंडर बे शहरातल्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात आयलीने एकतीस वर्षे चादरी धुतल्या. निवृत्त झाल्यावर तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिनोलियमचे तुकडे कोरायला घेतले. स्वतः काढलेले चित्र कोरायचे, त्यावर रंगाचा रोलर फिरवायचा आणि कापडावर ठसा उमटवायचा. पडदे, टॉवेल, उशांचे अभ्रे, घरातले काही सुटले नाही. तिचा नवरा रेइनो दर वेळी खोड काढायचा. बारा वर्षांत एकदाही तो ‘छान’ म्हणाला नव्हता.

आता त्याचा कर्करोग हाताबाहेर गेला होता. डॉक्टरांनी घरी पाठवले होते.

कॉफीचा अर्धा घोट घेऊन तो म्हणाला, “मला न्यायला येतील ना, तेव्हा त्यांची पांढरी चादर नको घालू देऊस. तुझी एखादी घाल.”

आयलीने कोरणी खाली ठेवली. “कसली हवी?”

“ब्लूबेरीची. आणि जरा ब्लूबेरीसारख्या दिसू देत.”

“मेल्या!” ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली. आधी रेइनोच हसला.

तीन दिवस ती कोरत होती. गुरुवारी दुपारी चादर छापून झाली. तिने ती खुर्च्यांवर पसरली.

“वाळली की इस्त्री करते, म्हणजे रंग पक्का होईल,” ती म्हणाली.

रेइनोने उशीवरून मान उचलून दारातून बराच वेळ पाहिले. “पानं मोठी झालीत,” तो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी ती कॉफी घेऊन गेली, तेव्हा तो गेलेला होता.

दहा वाजता अंत्यविधीवाले दोघे आले. एकाच्या हातात पांढरी चादर होती.

“ती नको,” आयली म्हणाली. “थोडं थांबा. रंग पक्का व्हायचाय.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मग वयस्कर माणसाने टोपी काढली. “होऊ दे सावकाश, बाई.”

तिने इस्त्री तापवली. एकेका फांदीवरून ती दाबून फिरवली. घाई केली नाही. शेवटचा कोपरा झाल्यावर तिने चादर उचलायला घेतली, पण एकटीला ती आवरेना.

त्या वयस्कर माणसाने पँटला हात पुसले आणि समोरची दोन टोके धरली. तो आणि आयली चादर ताणून, जमिनीला लागू न देता, रेइनोच्या खोलीकडे निघाले.