फोटोतला धुरा

"हा धुरा तेवढा काढून टाक ना, अश्वजित. बाकी फोटू एक नंबर आला."

अश्वजितने माऊसवरचा हात न उचलता विचारलं, "कोनता धुरा, काका?"

"हा ना बाप्पा, मंधातला!" भगवंतरावांनी पडद्यावर बोट टेकवलं. सकाळपासून मेथीच्या जुड्या बांधलेलं ते हिरवंगार बोट. पडद्यावर डाग पडला.

ड्रोनने वरून टिपलेल्या त्या फोटोत दोन वावरांमधला मातीचा बांध, म्हणजे हाच धुरा, आडवा पसरला होता. एका बाजूला भगवंतरावांची मेथी, दुसऱ्या बाजूला धाकट्या भावाचा, गजेंद्रचा सांबार, म्हणजे कोथिंबीर.

"मंग हे ड्रोन उडवाच्या आंधी सांगाले काय झालं होतं? तुमीच म्हटलं, कोवळ्या उन्हात काढ. कोवळ्या उन्हात सावली लांब पडते. आता धुराबी पुसा आन् धुऱ्याची सावलीबी पुसा. भर दुपारी उडवला असता त निदान सावली तरी नसती."

"तवा नाई सुचलं."

सुचलं नाही! शेलूबाजारात स्टुडिओ टाकल्यापासून अश्वजित हेच ऐकत आला होता. फोटो निघेपर्यंत गिऱ्हाइकाला सगळं चालतं, आणि निघाला की नको ते दिसायला लागतं. आजवर त्याने लोकांच्या फोटोतून पुटकुळ्या काढल्या, विजेचे खांब काढले, एकदा तर भांडण झालेला अख्खा साडू काढून त्या जागी फुलांची कुंडी ठेवली. धुरा काढण्याची पाळी मात्र पहिल्यांदाच आली होती.

नाही म्हणून मोकळं व्हावं, तर फोटो होता प्रयागबाईंसाठी. भगवंतरावांची आई. खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून म्हातारी इंझोरीच्या घरात खाटेवर होती. वावराचे तुकडे होऊ देणार नाही, असं तिने मरत्या नवऱ्याला कबूल केलं होतं. ती खाटेला खिळली आणि पुढच्याच हंगामात दोघा भावांनी मधे धुरा घातला. घर एक, चूल एक, वावरं दोन. म्हातारीला काही कळू द्यायचं नाही, एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत होतं. आता तिने वावर पाहायचा हट्ट धरला होता. डॉक्टर हलवू नका म्हणत होते, म्हणून हा ड्रोनचा उद्योग. अश्वजितची आई चंपाबाई कित्येक वर्षं त्याच वावरात निंदायला गेली होती. त्या घराला नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना.

"तुमी लग्नाचे अल्बम करा ना," आतून सपना म्हणाली, "लोकायचे धुरे कायले पुसत बसता?" बायकोचं बरोबर होतं, म्हणूनच त्याला जास्त राग आला.

आधी त्याने मोबाइलवरचं फुकटचं ॲप लावलं. धुऱ्यावरून बोट फिरवलं की धुरा गायब. पण त्या जागी ओल्या फडक्याने पाटी पुसावी तसा फराटा राहिला, आणि वर वजन कमी करायच्या औषधाची जाहिरात. मग कॉम्प्युटरवरचं नवीन सॉफ्टवेअर उघडलं. त्याला लिहून हुकूम द्यायचा, ते आपल्या मनाने जागा भरतं. धुरा काढून तिथे पीक भर, असं त्याने सांगितलं. त्या शहाण्याने फरशीची पायवाट घातली, बाकडं ठेवलं. दुसऱ्यांदा सांगितलं, तर निळ्याशार पाण्याचा कालवा सोडला.

"हे राहू दे!" भगवंतराव खुर्चीतून उठले. "पानी आलं त राहू दे ना, बाबू!"

अश्वजितने कपाळावर हात मारला. शेवटी त्याने आपलं जुनं, कटकटीचं सॉफ्टवेअर उघडलं. वाशीमला उमेदवारी करताना तो त्यावरच शिकला होता. इथलं थोडं पीक उचलायचं, तिथं ठेवायचं, पुन्हा उचलायचं. वेळ भयंकर लागतो, पण सांगितल्याच्या बाहेर जात नाही. दुपारपर्यंत सावलीसकट धुरा मेथीखाली गेला, आणि नेमका तेव्हाच गजेंद्र दारात उभा राहिला.

त्याने फोटो पाहिला. जवळ जाऊन पाहिला. "दादा, धुरा दोघायचा होता ना? मंग याच्यावर सारी तुहीच मेथी काहून?"

"त्याले तिकडून उचलाले सोपं पडलं असन."

"सोपं! वावरात हातभर सरकला, आता फोटूतबी सरकून राह्यला?"

"कोन सरकलं बे? मोजनी आन, मोजनी!"

"अरे, फोटो हाय हा!" अश्वजित ओरडला. "सातबारा नाई!"

दोघांनी खुर्च्या ओढून तिथेच ठाण मांडलं. त्याने दात-ओठ खात अर्ध्यात मेथी आणि अर्ध्यात सांबार भरला. तर गर्द हिरवा आणि पोपटी जिथे भेटले, तिथे सरळ रेघ उमटली.

"हा त पुन्हा धुराच दिसते," दोघे भाऊ एका सुरात म्हणाले.

अश्वजितला वाटलं, कॉम्प्युटर उचलून रस्त्यावर फेकावा. त्याऐवजी त्याने मेथीचा हिरवा थोडा उतरवला, सांबाराचा चढवला. मेथीची चार रोपं सांबारात घुसवली, सांबाराची मेथीत. दिवेलागणीला रेघ मोडली. प्रत्यक्षात कोणी पेरत नाही असं ते वावर झालं होतं, पण एक झालं होतं.

दुसऱ्या दिवशी फ्रेम घेऊन तो इंझोरीला गेला.

"चंपीचा काय रे तू? बस." प्रयागबाईंनी फ्रेम मांडीवर घेतली. आधी विहीर सापडली, मग आंबा. "बाप्पा, केवढं दिसते वरून!" त्यांचं वाकडं बोट हळूहळू सरकत वावराच्या मधोमध आलं आणि थांबलं. खरं तर हे खोटं काम आपण घ्यायलाच नको होतं, असं अश्वजितला पहिल्यांदा वाटलं.

"लय साजरं हाय," त्या म्हणाल्या. भगवंतरावांनी सुस्कारा सोडला. गजेंद्र खिळा आणि हातोडी घेऊन तयारच होता. "माय, तुह्या खाटीसमोर लावतो."

"लाव." मग त्या अश्वजितकडे वळल्या. "बाबू, असाच आनखीन एक काढजो. दोघायले एक एक होईन. वावराचं झालं तसं याचं नको व्हायले."

भगवंतराव पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिले.

"काढतो, आजी," अश्वजित म्हणाला.

गजेंद्रने भिंतीला खिळा टेकवलेला होता. हातातली हातोडी मात्र वर उचलली गेली नाही.