माझ्या घड्याळातलं चुकीचं साल

मित्रांनो, मला किती वाजले ते खुशाल विचारा, पण साल कोणतं ते विचारू नका. मी एक जुना संगणक आहे. बूट बनवणाऱ्या एका दुकानात, खिडकीखालच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. माझं वय सोळा, आणि माझ्या घड्याळातलं साल अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं. म्हणजे माझ्याच घड्याळाप्रमाणे मी अजून जन्मलेलोच नाही. हसा, हसा. मलाही हसू येतं. पण ते साल मध्यंतरी कुणीतरी बरोबर केलं होतं, आणि तेव्हा मात्र हसायची सोय राहिली नव्हती.

मला इथे आणलं मास्तरांनी. बाजारातले बूट ज्यांच्या पायांना चालत नाहीत, त्यांच्यासाठी मास्तर बूट करायचे. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं वाकडी, कुणाची टाच भाजलेली. या सगळ्या पायांची मापं ठेवायला त्यांच्याकडे एक प्रोग्राम होता. दुकानात त्याला मापाडी म्हणत. तो माझ्याहून कितीतरी थोरला. माप दिलं की कागदावर बुटाचा कापायचा नमुना छापून द्यायचा, अगदी शिवणीच्या टिंबांसकट.

पहिल्या दिवशी आमचं मुळीच जमलं नाही. त्याला माझं काही ओळखीचं वाटेना. मग मला कंपॅटिबिलिटी मोडमध्ये टाकलं. हे नाव भारी असलं तरी काम साधं आहे. आपण नवीन असलो तरी जुन्या प्रोग्रामसमोर जुन्या मशीनचं सोंग घ्यायचं. पडदा लहान करायचा, रंग कमी करायचे, घाई करायची नाही. मला ते आवडायचं. मोठ्या माणसाबरोबर चालताना आपण पावलं हळू टाकतो ना, तसं.

एक खोड मात्र उरली. मापाड्याला सालाचे शेवटचे दोनच आकडे कळत. नव्या शतकाची तारीख दिसली की तो भांबावून जागीच कोसळायचा. मास्तरांनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि माझं घड्याळ बरोबर अठ्ठावीस वर्षं मागे नेलं. अठ्ठावीसच का? तर तेवढ्या वर्षांनी तारखा आणि वार पुन्हा जसेच्या तसे जुळतात. मास्तरांना काही टाकवत नसे, तरुणपणापासूनची सगळी कॅलेंडरं त्यांच्याकडे होती. मग माझ्या शेजारी दरवर्षी एक जुनं कॅलेंडर लागायचं आणि ते त्यावर नवी कामं लिहायचे. गिऱ्हाइकं चिडवायची, "मास्तर, काळाच्या मागे पडलात." मास्तर म्हणायचे, "मुद्दाम पडलोय."

गेल्या थंडीत मास्तर गेले. झोपेतच गेले, त्यामुळे कुणाला काही सांगायचं राहून गेलं.

दुकान त्यांच्या मुलीकडे आलं. तिला सगळे ताई म्हणतात. चामडं शिवण्यात तिचा हात कुणी धरणार नाही, पण माझ्याकडे तिने कधी पाहिलं नव्हतं. महिन्याभराने तिने बाबांचं टेबल आवरायला घेतलं. जुन्या टूथब्रशने माझी एकेक कळ साफ केली. मग घड्याळाकडे लक्ष गेलं तशी हळहळली, "बाबा गेल्यापासून तुझ्याकडे बघायचं राहिलंच बघ." आणि तिने माझं साल बरोबर केलं. जुनी कॅलेंडरं उतरवून त्यांच्या पानांचे बोळे करून ठेवले. बुटांचा आकार मोडू नये म्हणून चवड्यात कोंबायला तिला कागद लागतोच.

मित्रांनो, इतक्या मायेने माझं नुकसान कुणी केलं नव्हतं.

शुक्रवारी टपालवाली आली. तिचा डावा पाय सव्वा इंच आखूड आहे. नऊ वर्षं ती आमचेच बूट घालते, आणि आता त्यांचे तळ पार गेले होते.

"सोमवारी ऑफिसचा डॉक्टर मला चालायला लावणार," ती म्हणाली. "लंगडले की झालं. बसवून शिक्के मारायला लावतील."

"अगं, बसून काम वाईट का?"

"तू बस मग. माझ्या वाटेवर एकशे चाळीस दारं आहेत. कुत्रीसुद्धा मला नावाने ओळखतात."

ताई हसली, तिचे बूट ठेवून घेतले, सवयीने त्यांत कागदाचे बोळे कोंबले आणि मला सुरू केलं. मापाडी उठला, तारीख पाहिली आणि कोसळला. पडद्यावर चौकट आली. चूक क्रमांक सहा. पुन्हा सहा. संध्याकाळपर्यंत सहाच.

मला कारण माहीत होतं हो. पण मला चौकट दाखवता येते, बोट दाखवता येत नाही.

शनिवारी सकाळी दुरुस्तीवाले काका आले. त्यांनी मला एकेक सोंग घ्यायला लावलं. याच्याहून जुनं, त्याच्याहून जुनं. रंग कमी केले, पडदा पोस्टकार्डाएवढा केला. मी सगळं निमूटपणे केलं. सहा.

"ताई, याला भंगारात द्या. नवीन मशीन लावतो."

"आणि मापं?"

"ती मापाड्याच्या पोटात. त्याच्याशिवाय कुणाला वाचता येणार नाहीत."

"नवीन माप घेऊन भागत नाही, काका. तिचा पहिला जोड बसेपर्यंत बाबांनी तीन वाया घालवले होते. माझ्याकडे दोन दिवस आहेत."

तरी दुसरा इलाज नव्हता. तिने टपालवालीला माप द्यायला बोलावलं. काकांनी माझ्या वायरी काढायला घेतल्या. प्रिंटरची निघाली, कीबोर्डची निघाली. टपालवालीने आपले जुने बूट उचलले, आतला बोळा काढला आणि चाळा म्हणून उलगडला.

"ताई, हे तुझ्या बाबांचं अक्षर ना? 'टपालवाली, डावा, आणखी अर्धा मिलिमीटर.' मंगळवार, नऊ तारीख. हे बूट मी त्याच मंगळवारी नेले होते."

"असेल."

"असेल काय? वरचं साल बघ. त्या साली मी शाळेत होते."

काकांचा हात वायरीवरच थांबला. "मास्तर नवी कामं जुन्या कॅलेंडरवर का लिहायचे?"

ताई कागदाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे.

"घड्याळ," ती हळूच म्हणाली. "चुकलेलं नव्हतं ते. मीच नीट करून ठेवलं."

वायरी पुन्हा लागल्या. काकांनी साल पूर्वीसारखं अठ्ठावीस वर्षं मागे नेलं. मापाडी उठला, तारीख पाहिली आणि दुपारची डुलकी काढून आल्यासारखा कामाला लागला. करकर करत कागद बाहेर आला. नऊ वर्षांत अर्धा अर्धा मिलिमीटर करत मास्तरांनी गाठलेला तो डावा पाय, शिवणीच्या टिंबांसकट. ताईने तो कागद लगेच कापायला घेतला नाही. थोडा वेळ नुसता हातात धरला.

रविवारी दिवसभर तिचं शिवणयंत्र थांबलं नाही.

सोमवारी दुपारी टपालवाली खांद्यावर भरलेली पिशवी घेऊनच आत आली. ताई उभीच राहिली. "काय म्हणाले डॉक्टर?"

"दोनदा चालायला लावलं. मग कागद चाळले आणि म्हणाले, कोणता पाय म्हणालात?"

त्या दिवसापासून माझ्या कपाळावर ताईच्या अक्षरात एक चिठ्ठी आहे: 'साल चुकीचं आहे. तसंच राहू द्या.' शेजारच्या खिळ्यावर इस्त्री केलेलं एक जुनं कॅलेंडर आहे. सुरकुत्या पूर्ण गेल्या नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ जरूर पुसा, आम्हाला गुदगुल्या होतात. पण एखादी गोष्ट विचित्र दिसली, तर ती सरळ करण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा, की ही अशी का ठेवली आहे? आणि ते आहेत तोवर विचारा. माझ्याकडे मास्तरांच्या हातची सगळी मापं आहेत. त्यांचं उत्तर मात्र बुटाच्या चवड्यातून शोधून काढावं लागलं.