म्हातारीचा काटा खरा की खोटा?

मी एक जुनी, जाड हाडांची, तेल गळणारी मशीन आहे. काँक्रीटचे ठोकळे दाबून मोडायचे, हे माझं काम. ठोकळा किती दाबाला मोडला, ते माझा काटा सांगतो. प्रयोगशाळेतले सगळे मला म्हातारी म्हणतात. म्हणोत बापडे!

कारखान्यातून आले तेव्हा काय थाट होता माझा! हिरवागार रंग, चकचकीत काच, साहेब स्वतः फडक्याने पुसायचे. पुढे शेजारी आकडे दाखवणारी नवी मशीन आली आणि माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवले जाऊ लागले. मग ती नवी बया बिघडली. तेव्हा कुठे माझी आठवण झाली.

मित्रांनो, नेमके तेव्हाच ते ठोकळे आले. इथे तपासणी करणाऱ्या ताईच्या धाकट्या भावाने नोकरी सोडून कारखाना काढला होता. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा फोडून तो खडी करायचा. नव्या शाळेच्या आवारातला रस्ता त्या खडीचा करायचा की नाही, ते हे ठोकळे ठरवणार होते. काम हुकलं, तर कारखान्याला कुलूप.

"भावाचं काम आहे. मी शेजारी उभा राहतो," साहेब म्हणाले.

"राहा की, साहेब," ताई म्हणाली.

पहिला ठोकळा माझ्या जबड्यात आला. काटा चढू लागला. धाकटा दाराशी उभा होता. हव्या त्या रेषेच्या बराच अलीकडे ठोकळा कडकन मोडला. दुसऱ्याचं, तिसऱ्याचंही तेच झालं.

"ही म्हातारी खोटं बोलतेय!" धाकटा ओरडला. "कधी तपासलं होतं हिला?"

साहेब जुनी वही चाळू लागले. कितीतरी दिवसांत माझा काटा कुणी तपासलाच नव्हता. मी खरं बोलते की नाही, हे मलाच ठाऊक नव्हतं!

साहेबांनी बाहेरून बोलावलेला तपासनीस आला. त्याने आपलं खात्रीचं माप माझ्या जबड्यात ठेवलं, पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. "म्हातारी ठणठणीत आहे," तो म्हणाला. मी खूश व्हायला हवं होतं, पण धाकट्याचं तोंड बघवेना. "नापास," हे ताईनेच त्याला सांगितलं. तो तसाच निघून गेला.

ताईला काही चैन पडेना. मोडलेले तुकडे घेऊन ती खिडकीशी बसली. खडीला जुन्या सिमेंटचा थर चिकटलेला होता. तिने ठोकळ्यांसोबत आलेली भावाची थोडी कोरडी खडी तोलून भिजत घातली, पुसली आणि पुन्हा वजन केलं. "अगं बाई, किती पाणी पितेय ही!" असं म्हणत तिने लगेच फोन लावला.

"खडी मिश्रणात टाकतोस ती कशी असते रे?"

"खडखडीत वाळवलेली! जुन्या नोकरीत खाणीच्या खडीला आम्ही तसंच करायचो."

"अरे शहाण्या, ही खाणीची नव्हे. ही सिमेंटच्या वाट्याचं पाणी पिऊन टाकते. मग मिश्रण घट्ट झालं की काय करतोस?"

"वरून... ओततो थोडं पाणी. अंदाजाने."

"घ्या! ते अंदाजाचं पाणी जास्त झालं, म्हणून ठोकळे कच्चे राहिले. आधी खडी भिजव, निथळू दे, मग टाक. वरून एक थेंब नको. साहेब आणखी एकदाच संधी देताहेत."

महिनाभर पाण्यात मुरलेले नवे ठोकळे आले. ताईने पहिला ठेवला. मला वाटलं, जरा हळू दाबावं. पण मला हात आखडता घेता येत नाही. काटा चढला. रेषेजवळ आला. ठोकळ्याच्या आतून चर्र आवाज आला आणि धाकट्याने डोळे मिटले. काटा रेष ओलांडून पुढे गेला, आणखी पुढे गेला, आणि मग ठोकळा मोडला. उरलेले दोघेही तसेच झुंजले.

"पास," ताई म्हणाली.

धाकटा मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

"ऊठ, पसारा आवर," म्हणत ताईने डोळे पुसले. त्याने सगळे तुकडे पोत्यात भरले.

"हे कुठे नेतोस?"

"फोडायला. टाकून कसे देऊ?"

जाताना त्याने माझ्या डोक्यावरचा कप उचलला आणि बाहीने माझी काच पुसली.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण माझा काटा वेळच्या वेळी तपासा. तो खोटा असता, तर ताईच्या त्या 'पास'ला कुणी विचारलं असतं?