कोथिंबिरीचा गुन्हा

"सत्यापुढे तलवारही वाकते," असं गांगुर्डे सिस्टर वॉर्डात ठणकावून सांगत. त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला तो मात्र कोथिंबिरीच्या जुडीमुळे. नाशिकच्या भाजीबाजारात एका व्यापाऱ्याने त्यांच्या आईचा माल लाथेने उडवला, आणि सिस्टरांनी त्यातलीच एक जुडी उचलून त्याच्या थोबाडात हाणली.

आता नियमाप्रमाणे हे नर्सिंग कौन्सिलला कळवायला हवं होतं. कळवलं तर नोंदणी अडकणार, म्हणजे नोकरीवरच गदा.

"सिस्टर, गप्प बसा ना," ब्रदर राकेश म्हणाला. "कोथिंबिरीचं कोण विचारतंय?"

"मी पेशंटला दारू पिता का, असं खोदून खोदून विचारते. बिचारा बायकोदेखत खरं सांगतो. आणि मी लपवू?"

त्यांनी सगळं लिहून पाठवलं. जुडी ओली होती, म्हणजे जरा जोरात लागली असेल, हेसुद्धा. नवी नर्स तेजल ते वाचून भारावली. अशा बाईच्या हातचं इंजेक्शन दुखत नसेल, असं तिला वाटलं.

"आता पुढे काय हो, सिस्टर?"

"कौन्सिल ठरवेल, कोर्ट ठरवेल. सोमवारी तारीख आहे. तेवढी माझी मॉर्निंग ड्युटी करशील?"