बुरुजावरची शेवटची तुतारी

क्राकूफच्या मोठ्या चौकात लुदविका रोज गिऱ्हाइकांचे फोटो काढायची, पण आज तिने सगळ्यांना परत पाठवलं. आज बारा वाजता तिचे वडील, रोमुआल्ड, चर्चच्या बुरुजावरून शेवटची तुतारी वाजवणार होते. उद्यापासून पेन्शनीत. आयुष्यभर हा माणूस चारी खिडक्यांतून तुतारी वाजवतो, प्रत्येक खिडकीतून खाली हात हलवतो, आणि फोटोग्राफर लेकीकडे त्याचा एक धड फोटो नाही! लाजच की ही.

अख्खा चौक आणि बुरूज एका फोटोत मावावा म्हणून तिने तिपाईवरचा जुना लाकडी कॅमेरा पार चौकाच्या कडेच्या कमानीखाली मांडला. आत फोटो उमटायची एकच काच भरलेली, म्हणजे फोटोही एकच.

मधे फुलवाल्यांच्या छत्र्या येत होत्या. त्या मिटायला सांगायचं म्हणजे गेनोवेफाबाईच्या तोंडी लागणं. फुलवाल्यांची ही म्होरकी फोटोवाल्यांवर कायम उखडलेली. फुकटे मेले, फोटो काढतात आणि फूल घेत नाहीत, असं तिने यथेच्छ ऐकवलं. मग म्हणाली, "जन्मभर तुझ्या बापाला वरून आमच्या छत्र्याच दिसल्या. आज तोंडं बघू दे." छत्र्या मिटल्या. स्वतःला मात्र फोटोत यायचं नव्हतं, म्हणून ती कॅमेऱ्यामागे येऊन उभी राहिली.

बारा वाजले. तुतारी पहिल्यांदा किल्ल्याच्या बाजूला वाजली, मग चौकाच्या. सूर जुन्या रिवाजाप्रमाणे मधेच तुटला आणि खिडकीतून हात बाहेर आला. फुलवाल्यांनी हात हलवले. पण रोमुआल्ड काही खिडकी सोडेनात. तिसऱ्या खिडकीची वेळ टळत होती, बाराची तुतारी ऐकायला अख्खा देश रेडिओला कान लावून बसलेला, आणि हे आपले हात हलवतच होते.

"अगं, तुला शोधतोय तो," गेनोवेफाबाई म्हणाली. "रोज फुलांपाशी उभी असतेस, आज इथे अंधारात काय लपलीयस? जा!"

हलता हात फोटोत पुसट येईल म्हणून लुदविका कॅमेऱ्याची कळ धरून तो थांबायची वाट बघत होती. कळ सोडली तर फोटो गेला. तिने सोडली. चौकात धावत जाऊन दोन्ही हात वर केले. खिडकीतला हात थांबला, आत गेला, आणि तुतारी तिसऱ्या बाजूने वाजू लागली.

मागे वळून बघते तर गेनोवेफाबाईच्या हातात कॅमेऱ्याची कळ. दाबून मोकळी झालेली. लुदविकाने तिला घट्ट मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी जेवताना तिने फोटो वडिलांपुढे ठेवला. पाठमोऱ्या फुलवाल्या, मधोमध हात वर केलेली ती, आणि वर खिडकीत मुंगीएवढे बाबा.

"फार लहान आलात," ती ओशाळून म्हणाली.

रोमुआल्डनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"वरून तूही मला एवढीच दिसायचीस," ते म्हणाले. "तरी रोज ओळखायचो."