अंगठा डावा की उजवा

धाकटीच्या चकतीवर शेवटी जीवसृष्टीचे घटक सापडले. आता असं धरून चालू, की काहीच सापडलेलं नाही. थोरलीनेही तेच धरलं होतं.

दोघी सख्ख्या बहिणी, एकाच प्रयोगशाळेत, शेजारशेजारच्या टेबलांवर. पोलादी भांड्यातली हवा उपसायची, आत अंतराळासारखा गारठा करायचा, पाणी, अमोनिया आणि मिथेनॉल चकतीवर गोठवायचं आणि त्यावर अतिनील दिवा सोडायचा. ताऱ्यांमधल्या धुळीवर असंच काहीतरी होत असावं. शेवटी बर्फ उडून जातो आणि पिवळट डाग उरतो. जिच्या डागात अमिनो आम्लं, म्हणजे जीवसृष्टीचे घटक, निघतील, तिला नवा विभाग. एकीलाच.

थोरलीच्या डागांत वर्षानुवर्षं फक्त डाग निघत होता. धाकटीचा पहिलाच डाग सोनेरी आला.

"ताई, बघ ना, किती गोड दिसतोय!"

"माशीचं पोट बिघडलेलं दिसतंय," थोरली म्हणाली.

धाकटी चकती तपासणीसाठी काढून ठेवून जेवायला गेली. थोरली मागेच राहिली. डाग खरंच आहे का, एवढंच बघायला तिने त्यावर उघडा अंगठा दाबला. खरंच होता.

संध्याकाळी अमिनो आम्लांचा नुसता पूर आला. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी धाकटीची पाठ थोपटली. थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घाम हिचा आणि कौतुक तिचं!

धाकटी मात्र तपासणीच्या आलेखावर वाकली.

"सर, थांबा. अंतराळात डावे आणि उजवे, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमांसारखे, रेणू सारख्याच प्रमाणात बनतात. हे सगळे डावे आहेत. जिवंत शरीरातलेच असे असतात. कुणीतरी हात लावलाय."

"अंतराळाचं काही सांगता येतं का?" थोरलीने खांदे उडवले.

"ताई, अंतराळ डावं-उजवं करत नाही."

"मग आईला तिकडेच पाठवायला हवं होतं! लहानपणापासून सगळं हिलाच!"

सगळे थोरलीच्या खिशाकडे बघू लागले. अंगठा आत होता.

"लेखी खुलासा द्या," सर म्हणाले.

तिने दिला. शेवट असा होता: "सबब विनंती, की अर्जदाराचा अंगठादेखील मुळात ताऱ्यांच्या धुळीचाच असल्याने तो अंतराळाचा भाग म्हणून ग्राह्य धरावा, सदर शोध अंगठ्याच्या नावे नोंदवावा, आणि अर्जदार वयाने मोठी असल्याने नवा विभाग तिलाच देण्याबाबत आईस कळवण्यात यावे."