बावीस वेळा धुतलेला पडदा

मित्रांनो, गोठ्यात कुटारावर टाकलेलं हे तपकिरी, पापडासारखं कडक झालेलं कापड पाहून नाक मुरडू नका. कुटार म्हणजे जनावरांना घालायचा भुसा. तो भिजू नये म्हणून मला त्यावर अंथरलं आहे. पण मी काही ताडपत्री नाही. मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नाही हं, नाटकाचा! एके काळी लोक मला पाहायला दोन-दोन तास आधी येऊन पुढची जागा धरत असत. आता माझ्यावर कोंबडी बसते, आणि तिला हाकलायला कुणी येत नाही.

पिंपळगाव राजापासून चार-पाच किलोमीटरवर आमचं गाव आहे. दर बुद्ध पौर्णिमेला विहारासमोरच्या मैदानात गावातली माणसं नाटक करतात. चाळीस-एक वर्षांपूर्वी ते उघड्यावरच व्हायचं. मागे भिंत, भिंतीवर गोवऱ्या आणि पुढे राजा! लोक हसायचे. मग दयारामने मनावर घेतलं. तो मजुरी करायचा, पण हाताने कलाकार होता. शाळेच्या भिंतीवरचे नकाशे त्याचे आणि बैलगाड्यांवरचे मोरही त्याचेच. त्याने मांजरपाटाचे सात लांब पट्टे आणले. त्याची बायको पंचफुला हिने दारातल्या शेवग्याखाली शिलाई मशीन मांडली आणि ते पट्टे एकमेकांना जोडले. दोन वर्षांचा संघपाल, त्यांचा मुलगा, माझ्याच घडीवर झोपला होता. असा मी जन्माला आलो.

दयारामचे रंग दुकानातले नव्हते. पांढरी माती, गेरू, नीळ, हळद, चुलीवरच्या तव्याची काजळी. त्यात बाभळीचा डिंक भिजवून घातला की झाला रंग तयार. पहिल्या वर्षी त्याने माझ्यावर राजवाडा काढला. अहाहा, काय ते खांब, काय त्या कमानी! नाटक सुरू व्हायच्या आधीच टाळ्या पडल्या. नटांना वाटलं, आपल्याला. मला ठाऊक होतं, मला!

पण पुढच्या चैत्रात काय घडलं माहीत आहे? पंचफुलाने अर्धा कापलेला ड्रम पाण्याने भरला आणि मला त्यात बुडवलं. माझा राजवाडा! मी मनातल्या मनात ओरडत होतो. खांब वितळले, कमानी वाहून गेल्या, आणि तासाभरात मी पुन्हा कोरा मांजरपाट झालो. नवं नाटक जंगलातलं होतं. एका पडद्यावर दरवर्षी नवं चित्र, अशी यांची रीत.

आमच्याकडे चैत्रात पाण्याची काय बोंब असते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्यामुळे ते रंगीत पाणीही पंचफुला सांडू देत नसे. बादली-बादलीने ती ते शेवग्याच्या मुळाशी नेऊन ओतायची. शेजारणी चिडवायच्या, "पंचफुला, तुह्या शेवग्याले आता राजवाड्याच्या शेंगा लागतीन वं!"

"लागू दे नं," ती म्हणायची. "तुमाले बी देईन दोन."

अशी बावीस वर्षं गेली. मी जंगल झालो, बाजार झालो, तुरुंग झालो, नदीकाठ झालो. बावीस वेळा धुतला गेलो, पण विरलो नाही. डिंकाचे रंग कापडाला धरून बसत नाहीत, त्याला श्वास घेऊ देतात. हे मला आज कळतं. तेव्हा मात्र मी मनात कुढायचो. एक तरी चित्र कायमचं माझ्या अंगावर राहू दे, म्हणायचो. मित्रांनो, ही माझी हाव होती. ती पुरी झाली, आणि तिथेच माझं वाटोळं झालं.

एका हिवाळ्यात पंचफुला आजारी पडली आणि महिन्याभरात गेली. त्या चैत्रात दयारामने मला एकट्याने धुतलं, ते बाविसावं धुणं. मग चार दिवस कुणाशी न बोलता तो रंगवत बसला. या वेळी त्याने शेवगा काढला, शेवग्याखाली मशीन, आणि मशीनवर वाकलेली पंचफुला. निळं लुगडं, निळी चोळी, कानात तेच बारके डूल, उजवा हात पुढे करून कापड सरकवणारी. पौर्णिमेला मला वर ओढलं, तेव्हा टाळी पडली नाही. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. संघपाल तेव्हा पंचविशीतला बाप्या होता, कडेवर वर्षाची मुलगी होती, तरी लहान मुलासारखा रडला.

पुढचा चैत्र आला. दयारामने ड्रम भरला.

"बाबा, काय करून राह्यले?" संघपाल धावतच आला. "माय हाये नं त्याच्यावर!"

"हाये. पण नाटक नवं हाये. धुवा तं लागीनच."

"तुमाले काहीच वाटत नाही का हो?"

दयारामने ड्रमाच्या कडेवर हात टेकले. "तुह्या मायनंच धुतला नं हा एवढे साल. तिले पुसून टाक्याची सवय हाये, संघपाल. मले नाही. पण करतो." एवढं बोलून तो थांबला, आणि म्हणाला, "उद्या धुऊ. आज राहू दे."

ते एक 'उद्या' फार महागात पडलं. संघपाल खामगावला फर्निचरच्या दुकानात पॉलिशचं काम करायचा. लाकडावर वॉर्निश मारलं की रंग खुलतो आणि वर्षानुवर्षं टिकतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दयाराम शेतात गेला, तेव्हा संघपालने मला विहाराच्या भिंतीवर ताणून बांधलं, वॉर्निशचा डबा उघडला आणि डाव्या बाजूने ब्रश मारायला सुरुवात केली. आईला आता कुणी धूच शकणार नाही, एवढाच त्याचा विचार होता.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मार बाबा, मार, असं मी म्हणत होतो. ओल्या वॉर्निशखाली गेरू लाल झाला, हळद सोन्यासारखी झाली. पहिला पट्टा, दुसरा, तिसरा, चौथा. पाचव्यावर पंचफुलाचा चेहरा होता. तिथे तर त्याने दोन हात दिले, जपून, हळूहळू. मग तो सहाव्या पट्ट्याकडे वळला, ब्रश बुडवला, आणि सहज मागे पाहिलं.

अरे अरे अरे! लाकूड वेगळं आणि माती वेगळी, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पांढऱ्या मातीने वॉर्निशमधलं सगळं तेल पिऊन टाकलं होतं. पहिला पट्टा चहासारखा तपकिरी झाला होता, दुसराही, तिसराही. आणि त्याच्या डोळ्यांसमोर पंचफुलाचा चेहरा काळवंडत गेला. आधी गाल, मग डूल, मग डोळे. त्याने शर्ट काढून पुसायला घेतलं. पुसून काय होणार होतं?

सहाव्या पट्ट्यावर तिचा उजवा हात तेवढा उरला. निळ्या बाहीतला, कापड सरकवणारा.

दयाराम परतला. माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "बाबा, मी मायले जपाले गेलो होतो," संघपाल एवढंच कसंबसं म्हणाला. बाप शिव्या देईल, थोबाडीत मारेल, असं मला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. दयाराम फक्त म्हणाला, "वाळू दे त्याले." घरात गेला, ब्रश धुतले, डब्यात ठेवले आणि डबा माळ्यावर टाकला. त्या दिवसानंतर सतरा वर्षं त्याने ब्रश हातात घेतला नाही.

नाटकाला काहीतरी हवंच होतं. खामगावहून फ्लेक्स आलं. चकचकीत डोंगर, चकचकीत झाडं, आणि कोपऱ्यात साल आणि शुभेच्छुकांचे फोटो! साल छापलेलं, म्हणून पुढच्या वर्षी ते चालेना. पुढच्या वर्षी नवं फ्लेक्स, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी नवं. अशी सतरा आली. काही कांद्यावर झाकली, काही न्हाणीला लावली, एक फाटून नालीत अडकलं आणि पावसाळ्यात सगळं पाणी गल्लीत शिरलं. उरलेली जाळायचे. त्या काळ्या धुराने दयाराम खोकत खोकत आत जायचा. एकाही फ्लेक्सचं पाणी कुठल्या झाडाला मिळालं नाही.

मी मात्र विहाराच्या मागच्या खोलीत घडी होऊन पडलो. घडीच्या जागी चिरा पडल्या, रंगाचे पोपडे निघाले. जे चित्र कायमचं राहावं म्हणून मी आसुसलो होतो, ते कुणी उलगडूनही पाहिलं नाही. संघपालला तर माझ्याकडे बघवत नव्हतं.

यंदा चैत्रात मंजुश्री घरी आली. तीच ती कडेवरची मुलगी, आता बुलढाण्याला कॉलेजात शिकते, नाटकात काम करते. आल्या आल्या तिने फर्मान काढलं. "यंदा फ्लेक्स नाही म्हणजे नाही."

"मंग मांगं काय लावतं?" संघपाल म्हणाला. "माह्यं धोतर?"

"आबाचा पडदा हाये नं."

संघपालचं हसू मावळलं. "तो मेला कवाच."

ती ऐकते थोडीच! तिने मला ओढत अंगणात आणलं आणि उलगडलं. मी कडाकडा वाजलो, लाज वाटली मला. तिने बोट ओलं करून पहिल्या पट्ट्यावर घासलं. काही नाही. तिसऱ्यावर, पाचव्यावर, काही नाही. मग सहाव्यावर घासलं, आणि बोट निळं झालं.

"आबा! हे निघते!"

दयाराम आता सत्तरीचा. डोळ्यांनी अंधूक दिसतं. त्याने तिचं बोट हातात घेतलं, चिमटीत तो रंग चोळला, आणि कितीतरी वर्षांनी त्याचा चेहरा उजळला. "डिंक अजून जिता हाये, पोरी," तो म्हणाला.

मंजुश्रीने ड्रम काढला. सहावा आणि सातवा पट्टा सुटा करायचा, धुवायचा आणि त्यावर नवं चित्र काढायचं, असं तिने ठरवलं. पंचफुलाने घातलेली शिवण ती एकेक टाका काढत उसवू लागली. अख्खी शिवण सुटली, तसा संघपाल मध्ये आला आणि त्याने सहावा पट्टा छातीशी धरला.

"सातवा घे. हा नको. मायचा हात हाये ह्याच्यावर. तेवढीच तं राह्यली माह्या पाशी."

मंजुश्रीने मान खाली घातली. दयाराम काठी टेकत उठला आणि मुलाच्या समोर जाऊन उभा राहिला.

"संघपाल, तुह्या मायचा हात कवा रिकामा पाह्यला का तू?"

"नाही."

"मंग त्याले सतरा साल बसवून ठेवला आपण. तू वॉर्निश लावून, अन् मी रुसून. तुह्यी एकट्याची चूक नोयती बाप्पा. तवाच सांगाले पाह्यजे होतं मले. नाही सांगतलं."

संघपाल तिथेच मटकन बसला आणि हमसून हमसून रडला. मग उठला. कुणाला हात लावू दिला नाही. त्याने स्वतः तो पट्टा पाण्यात सोडला, लहान बाळाला न्हाऊ घालावं तसा चोळला. आधी बोटं गेली, मग मनगट, मग निळी बाही. पाणी निळं झालं. पंचफुलाचा जुना शेवगा वादळात पडला होता, पण त्याचीच फांदी खोचून लावलेला नवा शेवगा दारात उभा होता. संघपालने बादली-बादलीने ते पाणी त्याच्या मुळाशी ओतलं, थेंबही सांडू दिला नाही.

पौर्णिमेला नाटक झालं. दोन पट्ट्यांचा तो एवढासा पडदा, अर्धं स्टेजही झाकत नव्हता. मंजुश्रीने त्यावर साधा शेवगा काढला होता. खोडाची पहिली रेघ दयारामची होती, थरथरणारी, जरा वाकडी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गोठ्यातून पाहत होतो.

होय, मी इथेच आहे. माझे पाच पट्टे कशालाच कामी येईनात, म्हणून मला कुटारावर टाकलं. पाणी लागत नाही ना माझ्या अंगाला! दुसऱ्या दिवशी सकाळी संघपाल कुटार काढायला आला. जिथे पंचफुलाचा चेहरा होता, तिथे त्याने तळवा ठेवला. "चुकलो वं माय," म्हणाला, आणि टोपलं भरून निघून गेला.

मित्रांनो, चूक त्याची होती, दयारामची होती, आणि माझीही होती. तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात पडदे लागतील, कमानी लागतील. ते करताना एकदा विचारा, की हे उद्या धुता येईल का, उसवता येईल का, दुसऱ्या कुणाला पुन्हा वापरता येईल का. आणि एखादी गोष्ट फार आवडली, तर तिला जखडून ठेवू नका. मी जखडला गेलो, म्हणून सांगतो.

पुढच्या चैत्रात माझे ते दोन पट्टे पुन्हा ड्रमात उतरतील. आज सकाळी संघपाल शेवग्याकडे बादली नेत होता, तेव्हा थोडं पाणी हिंदकळून माझ्यावर पडलं. मी ते धरून ठेवायला पाहिलं. पण ते माझ्यावरून घरंगळलं आणि खाली मातीत गेलं.